खव्याच्या दोघी

८ नोव्हेंबर

ही वही तृप्तीची. आमच्या वरच्या खोलीत भाड्यानं राहते ती वर्ध्याची मुलगी. हिंजवडीत कंपनीत आहे, कंपनीनंच तिला दिली. मागच्या वर्षीची आहे, म्हणून छापलेल्या तारखा खोडून मी माझ्या घालतेय. "काकू, तुमचं दिवसभर इतकं चाललेलं असतं, लिहून काढा," म्हणाली. बघू किती दिवस जमतं.

तर आज वैष्णवीचं जमलं. वैष्णवी म्हणजे रत्नाची लेक. मुलगा घोटावड्याचा, माणसं बरी दिसतात. रत्ना पेढे घेऊन ओट्यावर आली आणि पेढा हातात द्यायच्या आधीच म्हणाली, "चंद्रे, रुखवत तू करायचं."

"अगं बाई, याद्या न्हाईत, साड्या न्हाईत, आन रुखवत? तुझे हात काय मोडलेत?"

"हात हायेत. डोकं तुझं हाय."

खोटं कशाला लिहू, मला लई बरं वाटलं. आम्ही दोघी एकाच वर्षी लग्न होऊन इथं चांद्याला, या गावात आलो, एकाच भावकीत, शेजारच्या दारात. तेव्हापासून गावातल्या पोरींची रुखवतं आम्हीच करतो. मारुंजीला आता रुखवत भाड्यानं मिळतं. थर्माकोलचा महाल, प्लॅस्टिकची पालखी, लग्न उरकलं की टेंपोत घालून परत. त्याला मी रुखवत म्हणतच नाही. रुखवत खायचं असतं. नवरीच्या मैत्रिणींनी, नवऱ्याकडच्या बायकांनी हसत-भांडत फोडून खायचं असतं.

मी तिथंच ठरवलं, यंदा आपली आळी करायची. आम्ही नव्या नवऱ्या होतो तेव्हाची. शेंगदाण्याच्या चिक्कीच्या भिंती, चिरोट्यांची कौलं, तिळाच्या वड्यांची विहीर, चकलीची चाकं लावलेली बैलगाडी आणि खव्याची माणसं. त्या विहिरीवर आता सोसायटीचं गेट आहे. रत्ना ऐकताना इतकी खूश झाली की पेढा द्यायची विसरली.

मग मशेरी काढली. परवाच तंबाखू तव्यावर काळीभोर होईस्तोवर भाजली होती, त्या ठसक्यानं तृप्ती खोकत खाली आली होती. रत्नाची डबी भरून दिली. सकाळची मशेरी आम्ही दोघी ओट्यावर बसूनच लावतो, ही वेळ नवऱ्याची नाही आणि पोरांची नाही. आज रत्नानं डावीकडं बोट नेलं नाही. म्हणाली, "हितं फोड आलाय. गणपतीपासनं हाय, बसंना."

मी म्हटलं, "मग तितंच लाव की जास्त. बधिर पडंल."

मी तेच करते. मलाही उजवीकडं खालच्या हिरडीला उष्णता झालीय, मशेरी दाबून धरली की कळतसुद्धा नाही. तिनं लावली. डोळ्यांतून पाणी आलं, पण लावली.

१९ नोव्हेंबर

केशरआत्याकडं गेलो. पंचाहत्तरी उलटली म्हातारीची, पण खव्याची माणसं करावीत तर तिनंच. आम्हाला शिकवलं तेही तिनंच. माझे हात बघून आजही म्हणाली, "तुझ्या हातात आग हाय, खवा तूप सोडतो. माणसं रत्नीला करू दे. तू भिंती बांध." बोलायला लागली की आत्या कुणाचं ठेवत नाही.

रत्नाचे हात गार. पिठीसाखर घालून मळलेला खवा तिच्या हातात मऊ मेणासारखा राहतो. बघता बघता दोन बायका केल्या, डोक्यावर हंडे घेतलेल्या. एकीला नाक एवढं मोठं केलं की आत्याला हसू आवरेना.

"ही कोण गं?"

"चंद्री," रत्ना म्हणाली.

मी ती उचलून तोंडात टाकायला गेले तर रत्नानं हात धरला. आज नुसता सराव होता, मग सगळ्यांनी वाटून खाल्लं. रत्नानं एकाच बाजूनं खाल्लं आणि अर्धं पदरात बांधून घेतलं. वैष्णवीला नेते म्हणाली.

२७ नोव्हेंबर

पौडच्या डॉक्टरांनी रत्नाचं तोंड बघितलं आणि गोळी वगैरे काही न देता पुण्याला मोठ्या हॉस्पिटलात पाठवलं. भिकाभाऊ, म्हणजे तिचा नवरा, घाबरट माणूस. म्हणून मी बरोबर गेले. हिंजवडीच्या चौकातच तासभर गेला.

डॉक्टर पोरगेलासा होता. फोडाचा तुकडा काढून घेतला. आधी विचारलं, "तंबाखू खाता का?" रत्ना घाबरून माझ्याकडं बघायला लागली. मीच सांगितलं, "न्हाई हो डॉक्टर, आमच्या घरात बाया तंबाखू खात न्हाईत." विड्या ओढता का, गुटखा खाता का, सुपारी खाता का. न्हाई, न्हाई, न्हाई. त्यानं तसं लिहून घेतलं. आमच्याकडं बघून यांना काय वाटतं कोण जाणे.

५ डिसेंबर

कॅन्सर. तोंडानं म्हणवत नाही म्हणून लिहिलं.

गालाला आहे आणि जबड्यात शिरलाय. रत्नाला कुणी सांगितलं नाही, तरी तिला कळलं. परत येताना गाडीत मला म्हणाली, "रुखवत कुटवर आलं?" मी म्हटलं, चिक्की जमली, कौलं राहिलीत. "बरं," म्हणाली आणि खिडकीतून बघत बसली.

मला काही सुचत नाही. हिनं कधी कुणाचं वाईट केलं नाही. असं कसं झालं? माझं मत विचाराल तर तो समोरच्या सोसायटीच्या गच्चीवरचा टॉवर. तो बसल्यापासून चिमण्या गेल्या, आता माणसं जाणार. रत्नाचं अंथरूण बरोबर त्या खिडकीखाली आहे. मी भिकाभाऊंना खाट हलवायला लावली.

आज मशेरी चार वेळा लावली. जीव थाऱ्यावर नाही.

१४ डिसेंबर

ऑपरेशन झालं. डावा जबडा अर्धा काढला. छातीचं मांस घेऊन गालाला लावलंय. मी बघितलं. कुणाच्या वैऱ्यावर ही वेळ येऊ नये. नाकात नळी, गळ्याला भोक. डोळे मात्र तिचेच. मला बघितल्यावर बोटांनी खवा मळल्यासारखं केलं. मी बाहेर जाऊन रडले.

२६ डिसेंबर

रत्ना घरी आली. गळ्याचं भोक बुजलं, नाकातली नळी आहे. त्यातूनच दूध, वरणाचं पाणी, नाचणीची पेज. मोठ्या पिचकारीनं हळूहळू सोडायचं. सगळं फडक्यातून गाळून, नाहीतर नळी तुंबते. वैष्णवीला ते जमत नाही म्हणून सकाळ-संध्याकाळ मी जाते. रत्ना बोलते, पण तोंडातून नुसता फसफस आवाज येतो. घरच्यांना कळत नाही, मला सगळं कळतं. इतकी वर्षं तोंडात मशेरी धरूनच बोललो आम्ही, ते असंच ऐकू यायचं.

आज म्हणाली, "आन मशेरी."

मी म्हटलं, टाके आहेत, डॉक्टर मारतील. तिनं भिंतीकडं तोंड केलं. तिच्यासमोर बसून मी लावणं मला बरं दिसलं नाही, म्हणून मागच्या दारी जाऊन लावली.

३१ डिसेंबर

आज रत्नाच्या घरी बैठक झाली आणि मी काय बोलून बसले ते इथं लिहिते, कारण कुणापाशी बोलायची सोय नाही.

डॉक्टर म्हणतात, जानेवारी उजाडला की लाइटचा शेक, त्यांचं ते रेडिएशन, सुरू करा. रोज पुण्याला जायचं, सहा-सात आठवडे. उशीर चालणार नाही. आणि घोटावड्याच्या लोकांनी मुहूर्त दिलाय १६ फेब्रुवारीचा. त्यांना आम्ही सांगितलंय दाढेचं ऑपरेशन. रोज हॉस्पिटलच्या वाऱ्या सुरू झाल्या की गावभर होणार. मोडलं तर? पुढं विचारायला कोण येणार त्या पोरीला?

भिकाभाऊ म्हणाले, "वहिनी, तुमी सांगा. तुमचं ती ऐकती."

रत्ना माझ्याकडं बघत होती. म्हणाली, "लगीन हूं दे. मग जाती. चंद्रे, सांग की यांना." मला माहीत होतं काय सांगायला पाहिजे. शेक आधी, लग्न मागाहून, असं सांगायला पाहिजे होतं. आणि मी म्हटलं, "दीड महिन्यानं काय आभाळ कोसळतंय? पोरीचं होऊ द्या. मग मी सोताच तिला रोज घेऊन जाते."

सगळ्यांना हायसं वाटलं. मला का नाही वाटलं? घरी येताना मनात आलं, रत्ना शेकाला गेली असती तर रुखवतातली माणसं कुणी केली असती? हे मनात आलं याची मला लाज वाटते. पण आलं.

११ जानेवारी

आजपासून रत्ना कामाला बसली. उशीला टेकून, मांडीवर ताट, ताटात खवा. तोंड गेलं तरी हात गेले नाहीत. आळीतलं एकेक माणूस उतरतंय. सोटा घेतलेले तिचे सासरे, गोठ्यातली म्हैस, पाटीवाली कासारीण, विहिरीच्या काठावर पाय सोडून बसलेली पोरं. झालेलं माणूस मी लगेच फ्रीजच्या बर्फात ठेवते, लग्नापर्यंत खवा टिकायला हवा. मी भिंती चिकटवतेय. गुळाच्या पाकाचा चटका बोटांना बसतो. पाक झाला का ते बघायला जिभेवर घेते तर तोंडाचा नुसता जाळ होतो.

उष्णताच फार झालीय यंदा. सब्जा खाते, जिऱ्याचं पाणी पिते. तिखट तर सोडूनच दिलं. आमचे हे म्हणतात, कालवण गुळचट करतेस. खालची दाढ हलायला लागलीय, उजवा कान ठणकतो. वय झालं, दुसरं काय.

२२ जानेवारी

तृप्तीशी भांडण झालं.

ती जेवायला खाली आली होती. मी भाकरी दुधात कुस्करून खात होते. म्हणाली, "काकू, तुम्ही आधी अशा जेवत नव्हतात. आ करा बघू." मी केला. म्हणाली, "अजून." अजून होत नव्हता. तिनं मोबाईलचा उजेड पाडला आणि तिचा चेहरा उतरला. "काकू, आत पांढरं झालंय आणि खाली जखम आहे. रत्नाकाकूंचं असंच सुरू झालं ना? तुम्ही ती मशेरी लावता त्यात तंबाखू असते. डॉक्टरला दाखवा."

मी म्हटलं, मशेरी म्हणजे तंबाखू नव्हे. तंबाखू जळून जाते, उरते ती राख. राखेनं तर भांडी स्वच्छ होतात, दात होऊ नयेत? आणि केशरआत्या साठ वर्षं लावतेय, तिला काय झालं? ती ऐकेना. रत्नाच्या फायलीत तंबाखू नाही असं लिहिलंय ते खोटं आहे म्हणाली. मग माझं डोकं फिरलं. म्हटलं, "तू भाडेकरू हायेस, भाडेकरूवानी ऱ्हा. आमची तोंडं तपासायला ठेवली न्हाई तुला."

ताटावरून उठून गेली पोरगी. वाईट वाटलं. पण रत्नावर असला आळ घेतल्यावर मी गप्प कशी बसणार? म्हणजे तिनं आपल्या हातानं ओढवून घेतलं म्हणायचं? आणि तिची डबी भरून कोण देत होतं? मी.

हे वाक्य खोडायचं होतं. राहू दे.

४ फेब्रुवारी

दूध घालताना रत्नानं माझा हात धरून स्वतःच्या मानेवर ठेवला. पदराखाली गाठ आहे, लिंबाएवढी, कडक.

"कधीपासनं?"

"झालं पंधरा दिस."

मी उठायलाच निघाले भिकाभाऊंना हाक मारायला. तिनं पदर ओढून बसवलं. म्हणाली, "बारा दिस ऱ्हायलेत. आता आरडलीस तर माज्या पोरीचं मोडशील. तुला माजी शपथ हाय."

मी शपथ पाळली. ही शपथ पाळायची की मोडायची, कुणीतरी मला सांगायला हवं होतं. दिवसभर चिरोटे तळले, एकही मनासारखा फुलला नाही. तीन घाणे केले आणि तिन्ही बिघडवले.

१३ फेब्रुवारी

आळी पुरी झाली. पाटावर मांडून बघितली. केशरआत्याला दोघांनी धरून आणलं. म्हातारी बघत राहिली, मग एका घराला बोट लावून म्हणाली, "हितं माजा मालक बसायचा." एवढंच. तिच्या तोंडून वाकडा शब्द आला नाही हीच पावती.

रत्नानं सगळ्यांत शेवटी त्या दोघी केल्या, हंडेवाल्या. विहिरीवरून घराकडं चाललेल्या. नाक मोठं असलेली पुढं, दुसरी मागं. मी म्हटलं, "मला फुडं का काढलीस गं?" म्हणाली, "फुडंच असतीस की कायम. बडबडत."

तृप्तीनं मोबाईलवर फोटो काढले. माझ्याशी बोलत नाही, पण रत्नासाठी आली.

१६ फेब्रुवारी

लग्न झालं. सगळं नीट लिहून ठेवते.

रत्नाला हिरवी साडी नेसवली. नळी कानामागून चिकटवली, वरून पदर घेतला. कन्यादान होईस्तोवर नवरीच्या आईला उपासच असतो, त्यामुळं ही जेवत का नाही असं सकाळी कुणी विचारलं नाही. घोटावड्याच्या विहीणबाई काही दुधखुळ्या नाहीत. एकदा पदराआड बघितलं त्यांनी, पण बोलल्या नाहीत. रुखवतापाशी येऊन मात्र थबकल्या. बायकांनी गराडाच घातला. कार्यालयातल्या पोरी मोबाईल काढून उभ्या. विहीणबाईंनी विचारलं, "कुणी केलं हे?"

मी म्हटलं, "नवरीच्या आईनं." आणि हे खोटं नव्हतं. भिंती बांधणारा कोण विचारतो, आळी माणसांची असते.

मग रुखवत फोडलं. वैष्णवीच्या मैत्रिणींनी आधी कौलं पळवली. घोटावड्याच्या बायका गोठ्यावर तुटून पडल्या, कुणी म्हैस खाल्ली, कुणी सासऱ्याचा सोटा. हशा नुसता. रत्ना खुर्चीवर बसून सगळं बघत होती. तिचा अर्धा चेहरा हसत होता, अर्धा हसूच शकत नाही. मला वाटलं, आता हिला ह्यातलं काहीच मिळायचं नाही. जिनं केलं तीच उपाशी.

मी त्या हंडेवाल्या दोघींना आधीच बाजूला काढून ठेवलं होतं. वैष्णवीची पाठवणी झाल्यावर कार्यालयाच्या खोलीत रत्नाला आडवी केली आणि म्हटलं, "तू पण खायचं. यातली कुठली?"

तिनं नाकवालीकडं बोट केलं. "तू."

कोमट दूध घेतलं, त्यात खव्याची चंद्रा सोडली, चमच्यानं विरघळवली. आधी हंडा गेला, मग डोकं, मग मी सगळीच. फडक्यातून दोनदा गाळलं आणि पिचकारीनं हळूहळू नळीत सोडलं. रत्ना डोळे मिटून पडली होती. सगळं संपल्यावर म्हणाली, "साखर कमी पडलीया."

"नाकातनं कळतं व्हय गं तुला?" मी म्हटलं आणि दोघी हसलो. हसताना ती कळवळली.

मग म्हणाली, "आता तू मला खा."

मी खव्याची रत्ना उचलली. तोंडात जाईना. ओठ उघडले, पण दात उघडेनात, एक बोटसुद्धा धड शिरत नव्हतं. तुकडा मोडून घातला. मऊ खवा, पण हिरडीला लागला तशी डोळ्यांपुढं अंधारी आली. थुंकले हातात. खवा लाल झाला होता. मी मूठ मिटली, पण ती काय आंधळी आहे?

रत्ना उठून बसली. माझी हनुवटी धरली, खिडकीकडं फिरवली आणि बोटानं ओठ खाली ओढून आत बघत राहिली. बराच वेळ बघितलं. मग लग्नघरात, नव्या साडीत, मला थोबाडीत मारली. आणि लगेच पोटाशी धरून अशी रडायला लागली की भिकाभाऊ धावत आले.

मला काही समजेना. म्हटलं, अगं उष्णता आहे. ती म्हणाली, "मी जाती शेकाला. पर तू संगं तोंड दाखवायचंस. न्हाई दाखवलंस तर मी उंबऱ्याभाईर पाय टाकायची न्हाई."

माझ्या तोंडाशी तिच्या शेकाचं काय देणंघेणं? पण ती जायला तयार झाली हेच पुष्कळ. हो म्हटलं. माझ्या कमरेची मशेरीची डबी काढून घेतली तिनं, ती परत दिली नाही.

२० फेब्रुवारी

पुण्याला गेलो. तृप्तीनं रजा काढली, स्वतःहून. कंपनीत रोज येणारी गाडी तिनंच ठरवली. गाडीत मी म्हटलं, "राग गेला का गं?" ती म्हणाली, "काकू, तुम्ही गप्प बसा." आणि माझी पिशवी स्वतःच्या मांडीवर घेतली.

रत्नाच्या मानेचे फोटो काढले. मीही तोंड दाखवलं, तिच्या समाधानासाठी. तिथल्या डॉक्टरीणबाईंनी विचारलं, तंबाखू? रत्नानंच पुढं होऊन माझ्या बोटाकडं खूण केली, हिरडीवर घासून दाखवलं. बाईंनी लगेच लिहून घेतलं. माझाही तुकडा काढला. दुखलं. रत्ना दारात उभी राहून आत बघत होती, आजारी बाई, खुर्चीवर बसायचं सोडून.

३ मार्च

आज रिपोर्ट मिळाले आणि हॉस्पिटलवाल्यांनी मोठा घोळ घातलाय.

आधी रत्नाला आत बोलावलं. ती आणि भिकाभाऊ गेले तसे बाहेर आले. भिकाभाऊंच्या हातात नुसती गोळ्यांची चिठ्ठी. दुखायला लागलं की द्यायच्या. शेक नको, ऑपरेशन नको, आता इथं आणू नका, घरी ठेवा आणि मागेल ते द्या. भिकाभाऊ बाकावर बसले आणि पागोट्यासारखा गुंडाळलेला गमजा तोंडाला लावून रडले. रत्नानं त्यांच्या पाठीवर हात ठेवला.

मग मला बोलावलं. डॉक्टर तृप्तीशी इंग्रजीत बोलत होते, ती मान हलवत होती आणि नाक पुसत होती. मग मला म्हणाले, "मावशी, उद्याच भरती व्हा. हिरडीचं हाड थोडं काढावं लागेल, मग शेक. पण वेळेत आलात. आटोक्यात येण्यासारखं आहे."

मी बाहेर येऊन रत्नाला सांगितलं. मला वाटलं ती घाबरेल. ती तृप्तीकडं बघून म्हणाली, "बरं झालं." दोनदा म्हणाली. आणि बाकावर मागं टेकून डोळे मिटले. इतक्या दिवसांत तिला अशी निवांत बसलेली बघितली नव्हती.

कसं बरं झालं? साधी गोष्ट कुणाच्या लक्षात येत नाही. एका गाडीतून आलो, एका बाकावर बसलो, दोघींचं आडनाव एक, गाव एक. कागद इकडचे तिकडं झालेत. जी चालतेय, बोलतेय, स्वयंपाक करतेय तिला भरती करायचं आणि जिच्या मानेला गाठ आहे तिला घरी पाठवायचं, हा काय न्याय झाला? मी रिपोर्टच्या खिडकीपाशी जाऊन मोठ्यानं भांडले. तिथल्या बाईनं फायलीतून माझा फोटो काढून दाखवला, उघड्या तोंडाचा. उघड्या तोंडावरून माणूस ओळखू येतं का? मी म्हटलं, हे तिचं आहे. तृप्तीनं मला धरून बाहेर आणलं.

आमच्या ह्यांनी उद्यासाठी गाडी सांगितलीय. मीही पिशवी भरून ठेवलीय. रत्नाची. तिची दोन पातळं, दूध घालायची पिचकारी, गाळायचं फडकं, तिचा कंगवा. आटोक्यात येण्यासारखं आहे असं डॉक्टर स्वतः म्हणालेत, मग ती खाट तिचीच आहे. उद्या तिला त्या खाटेवर झोपवते, कागद बदलून घेते आणि संध्याकाळच्या आत मी घरी येते.